गुलाब जिथे लाकडाला टेकतो

खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद करा. आज उदबत्ती नको. सकाळच्या फोडणीचा वास घरातून पुरता जाऊ द्या. हात बिनवासाच्या साबणाने धुवा आणि कोरडे होईपर्यंत थांबा. समोर एक छोटी कुपी आहे. तिच्यात 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी' हे परफ्यूम आहे: पॅरिसच्या फ्रेदेरिक माल यांनी २०१० साली बाजारात आणलेलं, दॉमिनिक रोपियों यांनी रचलेलं, गुलाब आणि लाकूड या जोडीवर उभं असलेलं, बायकांसाठी म्हणून ओळखलं जाणारं. तुमच्याजवळ याच जातकुळीतलं दुसरं एखादं असेल तर तेही चालेल. बसायची रीत तीच. कुपीला मात्र अजून हात लावू नका.

कारण झाकण उघडण्याआधीच तुम्ही बरंच काही हुंगून बसला आहात. नाव घ्या. ते हेन्री जेम्स यांच्या १८८१च्या कादंबरीचं आहे. तिची नायिका इझाबेल आर्चर अमेरिकेतून युरोपात येते. हुशार आहे, मनस्वी आहे, वारसाहक्काने अचानक श्रीमंत होते आणि सगळ्या वाटा मोकळ्या असताना नेमकं नको त्या माणसाशी लग्न करते. मग घराणं घ्या. माल यांचे आजोबा सेर्ज हेफ्ट्लर-लुईश यांनी दिओरचा परफ्यूमचा व्यवसाय उभा केला होता. नातवाने २००० साली स्वतःचं दुकान मांडलं ते प्रकाशकाच्या थाटात. रचना ज्याची, त्याचं नाव बाटलीवर ठळक छापायचं. त्याआधी ही माणसं बहुतेक पडद्याआडच असत. आणि शेवटी किंमत. ती कित्येक घरांच्या महिन्याच्या किराण्याहून मोठी आहे.

हे सगळं नाकाच्या वाटेत उभं आहे. रेचेल हर्झ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकच वास दोन वेळा दिला, एकदा 'पार्मेसान चीज' म्हणून आणि एकदा 'ओकारी' म्हणून. रसायन तेच, पण पहिल्या नावाला लोक खूश झाले आणि दुसऱ्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. तेव्हा डोळे मिटा. कादंबरी खाली ठेवा. पॅरिस खाली ठेवा. किमतीला 'नंतर ये' म्हणा; तिला बोलवायचं आहे, पण शेवटी. श्रवण झालं, आता मनन.

तुमच्या ओळखीचा गुलाब कोणता, ते आठवा. घाई करू नका.

पहिला बहुधा फुलवाल्याकडचा येईल, लांब दांड्याचा, चकचकीत कागदातला. मावळातल्या पॉलिहाऊसमधून फेब्रुवारीत तो विमानाने परदेशी जातो. मनातल्या मनात त्याला नाकाशी धरा. थोडा हिरवा, थोडा गार, बाकी काही नाही. फुलदाणीत टिकावा, प्रवासात मान टाकू नये म्हणून त्याची पैदास होत गेली, आणि त्या निवडीत वास मागे राहिला. त्याला जाऊ द्या. मग गुलकंदातला येईल: साखरेत मुरलेला, मधाळ, शेवटी किंचित तुरट. मग गुलाबदाणीतला, लग्नमंडपाच्या दारात अंगावर शिंपडलेला, पातळ आणि सौम्य.

या गुलाबपाण्यापाशी जरा थांबा, कारण पुढची निम्मी गैरसमजूत इथे जन्मते. पाकळ्या पाण्यासकट तापवतात, वाफ थंड करतात. तेल वर तरंगतं, पाणी खाली राहतं. फेनिलइथाइल अल्कोहोल हा गुलाबाचा सर्वांत मवाळ, सर्वांत ओळखीचा घटक पाण्यात सहज विरघळतो. म्हणून तो बराचसा पाण्यातच राहून जातो. वरच्या तेलात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल यांचं राज्य असतं, आणि तो गुलाब वेगळा असतो: लिंबाच्या सालीची धार असलेला, मेणचट, मसालेदार. बल्गेरियातल्या कझानलकला किंवा तुर्कस्तानातल्या इस्पार्ताला मे-जूनच्या पहाटे खुडलेल्या फुलांतून तो निघतो, आणि एक किलो तेलाला साधारण तीन ते चार टन पाकळ्या लागतात. आपल्या लहानपणीचा गुलाब मात्र पाण्यातला. त्यामुळे उंची परफ्यूममधला गुलाब 'गुलाबासारखा लागत नाही' अशी तक्रार दुकानात हमखास ऐकू येते. तुमच्या मनात ती उठली तर उठू द्या. तिला उत्तर देऊ नका, फक्त ती कुठून आली ते पाहा.

त्या तेलात आणखी दोन गोष्टी आहेत, मापाने नगण्य. एक डॅमॅसिनोन. तेलात तो एक टक्क्याच्याही कितीतरी खाली असतो, पण नाकाला इतका तीव्र जाणवतो की गुलाबाचं गुलाबपण बरंचसं त्याच्यावर उभं आहे. शिजवलेलं सफरचंद, आलुबुखार, जांभळट फळांचा मुरांबा, असा त्याचा रोख. दुसरी युजेनॉल, म्हणजे लवंगेचा प्राण. तीही गुलाबाच्या तेलात थोडीशी असतेच. ही दोन टोकं ध्यानात ठेवा: एका बाजूला फळाचा पाक, दुसऱ्या बाजूला लवंग. आणखी काही लक्षात ठेवायची गरज नाही.

आता लाकूड. सहाणेवर चंदनाचं खोड उगाळलेलं आठवतंय? पाण्याचे चार थेंब, दगडाचा खरखरीत आवाज, आणि वर येणारा वास. तो साबणाचा नाही, उदबत्तीचाही नाही. दुधाळ आहे, किंचित आंबूस आहे आणि तुमच्याकडे धावून येत नाही, तुम्हालाच वाकावं लागतं. चंदनाचं झाड शेजारच्या झाडांच्या मुळांवर आपली मुळं रोवून जगतं आणि गाभ्यात तेल साठवायला त्याला वर्षानुवर्षं लागतात. ज्याच्या घरात सहाण होती, त्याच्या नाकाला लाकडाचं शिक्षण मिळालेलं आहे. मोठमोठ्या शहरांतल्या परफ्यूमप्रेमींना ते पैसे मोजून घ्यावं लागतं.

या कुपीत चंदन आहे, पण मुख्य खांब ते नाही. तो मान पॅचुलीचा. आणि पॅचुली लाकूड नव्हेच. ते पान आहे, वाळवून, मग वाफेवर काढलेलं. कोकणातल्या परसात मरव्याशेजारी लावतात, वेणीत गुंफतात, ती पाच त्याच कुळातली. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जात तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये हीच वाळकी पानं घालत. शाल अस्सल की नक्कल हे तिकडच्या बायका वासावरून ओळखू लागल्या, असं सांगतात. ओली माती, बंद राहिलेलं कपाट, मागे पुसटसा कापूर. परफ्यूमवाल्यांच्या लेखी हे सगळं 'लाकूड'च. त्यांच्या बोलीत लाकूड म्हणजे झाड नसतं. कोरडेपणा, खोली आणि टिकाऊपणा या तिन्हींना मिळून ते हा शब्द वापरतात.

आता कुपी उघडा. जाड पांढऱ्या कागदाची एक पट्टी घ्या आणि तिच्यावर एकच फवारा मारा. पट्टी खाली ठेवा. अल्कोहोल उडून जाऊ द्या. एवढं थांबायला जमत नसेल तर तेही पाहा: हात पट्टीकडे कसा जातो, मत द्यायला जीभ कशी शिवशिवते. लगेच मत देणं हा आपल्या काळाचा रोग आहे आणि परफ्यूमची दुकानं त्यावरच चालतात. पहिल्या पाच मिनिटांचा वास हा बाटली विकणारा वास असतो.

पट्टी उचला. नाकाला चिकटवू नका, बोटभर अंतर राहू द्या. एक छोटा श्वास घ्या, आणि पट्टी दूर करा.

काय आलं? शब्द शोधत बसू नका. आपल्याकडच्या तर्कशास्त्र्यांनी रंगाचे सात प्रकार मोजले, चवीचे सहा, आणि वासाचे फक्त दोन, सुरभी आणि असुरभी. एवढ्या काटेकोर माणसांनाही नाकापुढे हात टेकावे लागले, तर आपण कोण? म्हणून नाव विचारू नका. साधं विचारा: हे ओलं आहे की कोरडं? गरम की गार? जवळचं की लांबचं? वर उठतंय की खाली बसतंय?

मला या घडीला ते ओलं, गरम आणि फार जवळचं वाटतं. रास्पबेरी, काळ्या मनुकांसारखी आंबटगोड विलायती बेरी, वर दालचिनीचा चटका. गुलाब आहे, पण फळाच्या रसात बुडालेला. तुम्हाला दुसरंच काही वाटेल. वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आपल्या नाकात असतात आणि त्यांची ठेवण माणसागणिक थोडी वेगळी असते. दोघांनी एकच कुपी हुंगली म्हणजे दोघांना एकच वास आला असं नव्हे.

आता मनगटाच्या आतल्या बाजूला एक फवारा. दुसरं मनगट त्यावर घासू नका. घासण्याने काहीही 'मुरत' नाही. हात मांडीवर ठेवा आणि तासभर आपल्या कामाला लागा. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. सारखं हुंगू नका, कारण नाक एकाच वासाला फार लवकर कंटाळतं आणि त्याची खबर द्यायचं बंद करतं. दुकानात मध्येच कॉफीच्या बिया पुढे करतात, त्याने नाक ताजं होतं म्हणे. तपासून पाहिलं तेव्हा साध्या हवेपेक्षा कॉफीने काही जास्त साधलं नाही. स्वतःचा स्वच्छ पदर हुंगा किंवा गॅलरीत जा, एवढं पुरे.

तास झाला. बसा. ज्यासाठी हे सगळं मांडलं ती वेळ ही आहे.

सुताराचं काम फळीच्या पॉलिशवरून नव्हे, सांध्यावरून जोखतात. गुलाब आणि लाकूड या परफ्यूमचंही तसंच. गुलाब हलका आहे, लवकर उडणार. पॅचुली, चंदन, ऊद जड आहेत, मागे राहणार. सामान्य रचनेत या वेळी एक फट दिसते: गुलाब उठून गेलेला असतो, लाकूड अजून बोलायला लागलेलं नसतं, आणि मध्ये नुसता गोडसर धूसरपणा. किंवा दोघं एकमेकांशी न बोलता शेजारी उभे असतात, हुंगलं की आधी फूल, मग फळी. श्वास घ्या आणि ती फट शोधा. खरंच शोधा; सापडावी अशा इच्छेने शोधा.

मला ती या परफ्यूममध्ये सापडत नाही, आणि का सापडत नाही ते हळूहळू उमगतं. ती दोन टोकं आठवा. गुलाबाच्या पोटात फळाचा पाक होताच. रोपियोंनी तो रास्पबेरी आणि बेरीच्या वासाने बाहेर ओढून मोठा केला. गुलाबाच्या पोटात लवंगही होती. तिलाही त्यांनी बाहेर ओढलं. बाहेरची लवंग मसाल्याची आहे, मसाल्याचा कोरडेपणा पॅचुलीच्या कोरडेपणाला भिडतो, आणि पॅचुलीची माती याच रचनेतल्या धुपाच्या धुराला. म्हणजे गुलाब आणि लाकूड यांच्या मध्ये तिसरा कोणी मध्यस्थ बसवलेलाच नाही. जो दुवा आहे तो गुलाबाच्याच अंगचा आहे, फक्त ताणून लांब केलेला. आता पुन्हा हुंगा, मनात लवंग धरून. मग गुलाब धरून. मग दोन्ही सोडून. फूल कुठे संपलं ते बोट ठेवून दाखवता येतं का?

इथे हवं तेवढं रेंगाळा.

रेंगाळताना कनौजचा गुलाबाच्या अत्तराचा कारखाना शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे, कारण लाकडी गुलाब हा काही पॅरिसचा शोध नाही. तिथे तांब्याच्या देगेत पाकळ्या आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात, खाली लाकडाचा किंवा गोवऱ्यांचा विस्तव. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल वाट पाहत असतं. गुलाब थेट चंदनातच पडतो. पाणी काढून टाकायचं, तेच तेल ठेवायचं, पुन्हा ताज्या पाकळ्या, असं चंदन गुलाबाने भरेपर्यंत. तिथे सांधा लपवायचा प्रश्नच येत नाही. त्या अत्तरात पहिली पाच मिनिटं आणि शेवटचा तास यांत फार अंतर नसतं. ते एका जागी बसून राहतं. रोपियोंचं परफ्यूम चालतं, वळणं घेतं. दोहोंत थोर कोण, हा वाद मला निरर्थक वाटतो. एवढंच म्हणतो की चंदन महागल्यापासून बऱ्याच अत्तरांत त्याच्या जागी बिनवासाचं स्वस्त तेल आलं आहे, आणि तसलं अत्तर हातावर आलं की सहाण पाहिलेलं नाक लगेच ओळखतं.

दुपार होऊ द्या. आता आपली हवा. हे परफ्यूम ज्या थंडीत घडलं ती आपल्याकडे नाही. मुंबईच्या मे महिन्यात तापलेल्या कातडीवरून सगळं एकदम उठतं, जे तीन तासांत यायचं ते एका तासात अंगावर येतं, आणि पॅचुली व धूप यांची जोडी घामाच्या ओलाव्यात दाटते. मनगट नाकापासून हातभर लांब धरा. तरी येतो का वास? येतो. लोकलच्या डब्यात किंवा एसी लावून खिडक्या बंद केलेल्या ऑफिसात शेजारणीला तो विचारून येणार नाही. ही या रचनेची माझ्या लेखी सर्वांत मोठी उणीव आहे: तिला हळू बोलता येत नाही. पुण्याच्या डिसेंबरात, संध्याकाळी, कानामागे एक फवारा, एवढीच तिची आपल्याकडची योग्य जागा. रेशमावर मारू नका. जरीच्या काठाला तर मुळीच नाही, डाग पडतो.

संध्याकाळी पुन्हा मनगटाकडे या. गुलाब आता पुसट, पण गेलेला नाही. धुपाच्या मागे उभा आहे. खाली काहीतरी खारट, उबदार, कातडीसारखं लागेल. ते अँब्रॉक्सनसारख्या प्रयोगशाळेतल्या रेणूंचं काम. कदाचित तुम्हाला इथे काहीच येणार नाही आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला मात्र वास लख्ख येईल. काही जड कस्तुरीसदृश रेणू काही नाकांना जाणवतच नाहीत. म्हणून 'उडून गेलं' असं ठरवण्याआधी कुणालातरी हात पुढे करून विचारा.

मग आता किमतीला आत बोलवा, इतका वेळ ताटकळत ठेवलं आहे. तिला दोन प्रश्न. पैसे कशाचे? तीन-चार टन पाकळ्यांचे थोडे, बाटलीचे, दुकानाचे आणि नावाचे बरेच, आणि त्या सांध्याचे. सांध्याचे पैसे द्यायला मी तयार आहे. तो सहज जमत नाही. गुलाब आणि लाकूड अशी पाटी लावलेली पुष्कळ महागडी परफ्यूमं त्याच ठिकाणी फाटतात, आणि तिथे तुम्ही फक्त काच विकत घेता. दुसरा प्रश्न: एवढी मोठी बाटली लागेल का? आपल्या हवेत नाही. वर्षातल्या मोजक्या थंड संध्याकाळी एकेक फवारा, या हिशेबाने सर्वांत लहान कुपीसुद्धा दोन हिवाळे पुरेल.

राहिला 'बायकांसाठी' हा शब्द. गुलाब बाईचा, लाकूड पुरुषाचं, ही वाटणी युरोपातल्या दुकानांच्या फळ्यांवर झाली. १९९२ साली जपानच्या शिसेदोने सेर्ज ल्युतांस यांच्या कल्पनेतून 'फेमिनिते द्यु ब्वा' काढलं आणि देवदाराचं लाकूड बायकांच्या परफ्यूममध्ये अगदी पुढे आणून बसवलं, तेव्हा ते धाडस ठरलं. आपल्याकडे मंडपात अत्तर लावणारा पुढच्याचा हात बायकी की पुरुषी हे पाहून कुपी बदलत नाही. आणि गंमत म्हणजे या 'लेडी'चा लाकडी तळ जमून आला तो रोपियोंच्याच 'जेरानियम पूर मस्यो' या २००९च्या परफ्यूमवर काम करता करता, आणि ते होतं पुरुषांसाठी.

तेव्हा एक काम उद्यासाठी ठेवा. सकाळी नवऱ्याच्या, भावाच्या, मुलाच्या, जो कोणी घरात असेल त्याच्या मनगटावर याच कुपीतला एक फवारा द्या, नाव न सांगता. तासाभराने त्याला विचारा: ओलं की कोरडं, गरम की गार, जवळचं की लांबचं. त्याची उत्तरं तुमच्या उत्तरांशेजारी लिहा, आणि बाटली घ्यायचीच असेल तर ती कोणाच्या कपाटात ठेवायची ते मग ठरवा.